उमेदवाराचे बोलणे आणि त्याचा ताळेबंद

जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर कान्हे फाट्याला आत वळले आणि इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक लागते. आंदर मावळाचा हा उंबरठाच. वडेश्वर-खांडीकडच्या वाड्यावस्त्यांतील माणसे बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी, कारखान्यातल्या पाळीसाठी याच वाटेने खाली येतात. रस्त्याच्या एका अंगाला भातखाचरे, दुसऱ्या अंगाला कारखान्यांची पत्र्याची छपरे. अशा गावात निवडणुकीच्या दिवसांत संध्याकाळी दुकानातला दूरचित्रवाणी संच मोठ्या आवाजात लागतो. वाहिनीवर चार-सहा चौकटींतून चार-सहा माणसे एकाच वेळी बोलत असतात. चर्चा संपली की चहाचा पेला खाली ठेवता ठेवता कोणीतरी हमखास विचारतो, "मग, जिंकला कोण?"

हा प्रश्न कुस्तीच्या फडातला आहे. फडात तो शोभतो, कारण तिथे पाठ जमिनीला लागलेली सर्वांना दिसते. उमेदवारांच्या वादाचे तसे नसते. मतदाराला तिथून दोन वेगळ्या गोष्टी काढून घ्यायच्या असतात : बोलणारा खरे बोलत आहे काय, आणि बोललेले करून दाखविण्याची त्याची कुवत आहे काय. पहिली गोष्ट सचोटीची, दुसरी कर्तृत्वाची. पडद्यावर मात्र या दोहोंच्या आधी तिसरीच गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे सादरीकरण. आणि बहुतेकांचा निकाल तिथेच लागून जातो.

मावळाला याचा अनुभव आहे. २००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना अंमलात आल्यानंतर मावळ नावाचा लोकसभा मतदारसंघ अस्तित्वात आला. त्यात पुणे जिल्ह्यातील मावळ, चिंचवड आणि पिंपरी, तर रायगड जिल्ह्यातील पनवेल, कर्जत आणि उरण असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. घाटमाथ्यावरचा भातशेतकरी आणि उरणच्या बंदराजवळचा कामगार यांचा खासदार एकच. एवढ्या पसाऱ्यात उमेदवाराची प्रत्यक्ष भेट होणे दुर्मीळ. तो कळतो तो भाषणाच्या तुकड्यांतून. २०१९ च्या मार्च महिन्यात या मतदारसंघाचे उमेदवार पार्थ पवार यांनी चिंचवड येथे पहिले जाहीर भाषण केले. लिहून आणलेले भाषण वाचताना ते अडखळले. काही तासांत त्या अडखळण्याची चित्रफीत राज्यभर फिरली आणि यथेच्छ थट्टा झाली. पुढे श्रीरंग बारणे यांनी ही निवडणूक दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकली.

त्या पराभवाचे श्रेय चित्रफितीला देणे सोपे आहे, पण त्याला आधार नाही; निवडणुकीत पक्ष, लाट, आघाड्या, स्थानिक संघटन असे बरेच काही असते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ज्यांनी ती चित्रफीत दहा वेळा पाहिली, त्यांना मावळच्या पाण्याविषयी, रस्त्यांविषयी, धरणग्रस्तांविषयी त्या उमेदवाराचे म्हणणे काय, याचा पत्ता लागला नाही. समोरच्या उमेदवाराने मागील पाच वर्षांत काय केले, याचाही हिशेब त्यातून कळणे शक्य नव्हते. बारणे यांना संसदेतील कामगिरीसाठी संसदरत्न पुरस्कार अनेकदा मिळाला आहे. ही माहिती निश्चितच उपयोगी, परंतु तिलाही मर्यादा आहे : किती प्रश्न विचारले हे मोजता येते, त्या प्रश्नांच्या उत्तरातून मतदारसंघाच्या पदरात काय पडले हे वेगळे शोधावे लागते. बँकेच्या शाखेत किती अर्ज आले, हा आकडा शाखेच्या नफ्याचा आकडा नसतो.

सादरीकरणाची ही भुरळ जगभर पुरातन झाली आहे. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्यात अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा पहिला दूरचित्रवाणी वाद झाला. सुमारे सात कोटी लोकांनी तो पाहिला. निक्सन गुडघ्याच्या संसर्गामुळे रुग्णालयात राहून आले होते. चेहरा ओढलेला, घाम फुटलेला, फिकट राखाडी सूट पार्श्वभूमीत मिसळून गेलेला. केनेडी ताजेतवाने दिसत होते. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन वरचढ वाटले आणि पडद्यावर पाहणाऱ्यांना केनेडी, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. ज्या पाहणीवर ती उभी आहे तिचा नमुना तुटपुंजा होता आणि अभ्यासकांनी तिच्यावर रास्त शंका घेतल्या आहेत, तरी कथा टिकून आहे.

त्या निवडणुकीतील दुसरी गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते, आणि सचोटीच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. क्षेपणास्त्रांच्या संख्येत अमेरिका रशियाच्या मागे पडत आहे, असे केनेडी प्रचारात सातत्याने सांगत होते. १९६१ मध्ये, म्हणजे तेच अध्यक्ष असताना, हाती आलेल्या माहितीवरून चित्र नेमके उलटे असल्याचे स्पष्ट झाले. मग केनेडी खोटे बोलले काय? आधी प्रसृत झालेल्या काही अंदाजांवर त्यांनी विसंबून राहणे अशक्य नव्हते. चुकीचे विधान आणि जाणूनबुजून केलेले असत्य विधान यांत अंतर आहे, आणि निवाडा करणाऱ्याने ते राखले पाहिजे. तथापि मतदारांपुढे आलेले विधान असत्य होते आणि ते उत्तम रीतीने मांडलेले होते, हेही तितकेच खरे.

"माणूस डोळ्यांत डोळे घालून बोलतो, म्हणजे खरेच बोलत असणार," असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने म्हटले जाते. या विश्वासाची परीक्षा मानसशास्त्रज्ञांनी घेतली आहे. चार्ल्स बॉन्ड आणि बेला डिपाओलो यांनी २००६ मध्ये अशा प्रयोगांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे चोवीस हजार परीक्षकांचे निर्णय एकत्र केलेले होते. केवळ बोलणे पाहून-ऐकून खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी शंभरात ५४ वेळा बरोबर ठरली. नाणे उडवले असते तरी पन्नास वेळा बरोबर आले असते. त्याच सुमारास, २००५ मध्ये, अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी निव्वळ छायाचित्रे दाखवून 'यांपैकी अधिक कर्तबगार कोण वाटतो' असे विचारले, तेव्हा अमेरिकी सिनेटच्या सुमारे सत्तर टक्के लढतींत जो चेहरा 'कर्तबगार' वाटला तोच उमेदवार प्रत्यक्षात निवडून आलेला निघाला. थोडक्यात, आपण चेहऱ्यावरून सचोटी ओळखू शकत नाही, पण चेहऱ्यावरून मत मात्र बनवतो. कर्ज देणाऱ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक असते. सर्वांत गोड बोलणारा कर्जदार आणि नियमित हप्ते भरणारा कर्जदार हे बहुधा दोन निरनिराळे इसम असतात.

महाराष्ट्राच्या राजकारणातही याचे दाखले आहेत. वसंतदादा पाटील यांचे औपचारिक शिक्षण थोडे, वक्तृत्व साधे, जवळजवळ घरगुती. आजच्या वाहिनीवरच्या वादात निवेदकाने त्यांना दोन वाक्येही पुरी करू दिली नसती. सांगलीच्या सहकारी साखर कारखान्यामागे आणि त्या भागातील सहकारी चळवळीमागे मात्र त्यांचे कर्तृत्व उभे होते, आणि मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे एकाहून अधिक वेळा आले. सांगली-कोल्हापूरकडील आपल्या समाजातील अनेक शेतकरी कुटुंबांना त्याची माहिती वेगळी द्यायला नको.

तर मग वाद पाहूच नये काय? पाहावा, अवश्य पाहावा. फक्त पाहताना कान कुठे द्यायचा हे ठरवून बसावे. वक्त्याची बहुतेक वाक्ये तीन जातींची असतात. काही घडून गेलेल्या गोष्टींविषयी असतात, काही पुढच्या काळाविषयी आणि काही प्रतिस्पर्ध्याविषयी. तिसऱ्या जातीला टाळ्या सर्वाधिक पडतात आणि तिचा उपयोग सर्वांत कमी. दुसरी जात तपासायला पाच वर्षे लागतात. पहिली मात्र आजच्या आज तपासता येते, आणि सचोटीचा माग तिथेच लागतो.

घडून गेलेल्या गोष्टींविषयी बोलताना आपल्याकडे एका शब्दाचा जितका गैरवापर होतो तितका दुसऱ्या कोणत्याही शब्दाचा होत नसेल. तो शब्द म्हणजे 'मंजूर'. "पूल मंजूर केला", "रस्ता मंजूर करून आणला", "इतक्या कोटींची कामे मंजूर". ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पूल उभा राहतो. वास्तविक सरकारी कामाला पायऱ्या असतात. प्रथम अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, अर्थसंकल्पात तरतूद, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप, देयक, आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. 'मंजूर' हा शब्द दुसऱ्या पायरीलाही लावता येतो आणि सहाव्या पायरीलाही, आणि दोन्ही वेळा तो तांत्रिकदृष्ट्या खराच असतो. बँकेत मंजूर कर्ज आणि वितरित कर्ज यांचे रकाने स्वतंत्र असतात. मंजुरीपत्र हातात असलेला माणूस घराचा कर्ता झालेला नसतो, त्याच्या हाती अजून कागदच असतो. वादात उमेदवार 'मंजूर' म्हणाला की निवेदकाने एवढेच विचारावे : कोणत्या पायरीपर्यंत? या एका प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून माणसाची जेवढी ओळख पटेल तेवढी तासाभराच्या आरडाओरडीतून पटणार नाही. ज्याने काम खरोखर पाठपुरावा करून पुढे नेले आहे त्याला पायरी पाठ असते. ज्याने फक्त फलक लावला आहे तो प्रतिस्पर्ध्याकडे वळतो.

हा शब्दच्छल नव्हे. टाकव्याच्या पुलाखालून वाहणारी हीच इंद्रायणी पुढे इंदोरीजवळ कुंडमळा येथे जाते. तिथला जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. नव्या पुलाची मंजुरी आधीच झालेली होती. काम उभे राहिलेले नव्हते. मंजुरी आणि पूल यांच्या मधल्या पायऱ्यांवर माणसे उभी असतात, ती अशी. त्या दुर्घटनेची जबाबदारी कोणाची हा चौकशीचा विषय आहे. मतदाराच्या दृष्टीने तिने एवढे दाखवून दिले, की उमेदवाराच्या वाक्यातील क्रियापद नीट ऐकणे ही व्याकरणाची हौस नाही.

असेच दुसरे ठिकाण टक्केवारीचे. "माझ्या कार्यकाळात निधी तिप्पट झाला" हे वाक्य ऐकले की आधी किती होता, ते विचारावे. दहा लाखांचे तीस लाख आणि दहा कोटींचे तीस कोटी, दोन्ही तिप्पटच. शिवाय तो निधी आमदाराच्या स्थानिक विकास निधीतला, जिल्हा नियोजनातला, की केंद्राच्या योजनेतून सर्वच मतदारसंघांना समप्रमाणात आलेला? पाऊस सगळ्यांच्या शेतात पडला असताना एकट्याने श्रेय घ्यावे, असा प्रकार यात पुष्कळदा असतो.

चूक झाल्यावर उमेदवार काय करतो, हीही एक कसोटी. ६ ऑक्टोबर १९७६ च्या वादात अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पूर्व युरोपवर रशियाचे वर्चस्व नाही, असे विधान केले. साऱ्या जगाला उलट दिसत होते. फोर्ड यांच्याविषयी आकस नसलेल्यांनीही तेव्हा कपाळाला हात लावला असेल, परंतु खरे नुकसान पुढच्या दिवसांत झाले, कारण चूक स्पष्टपणे मान्य करण्यास त्यांनी बराच वेळ घेतला. ती निवडणूक ते जिमी कार्टर यांच्याकडून हरले. आपल्या वाहिन्यांवर "या मुद्द्यावर माझी माहिती अपुरी आहे, तपासून सांगतो" असे म्हणणारा माणूस दुर्बल ठरवला जातो. लेखापरीक्षकापुढे मात्र हेच वाक्य सर्वाधिक विश्वासाचे समजतात.

आता त्या कागदाविषयी, जो दूरचित्रवाणीवर क्वचितच दाखविला जातो. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या प्रकरणात निर्णय दिला, की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने कायदा करून त्याला आवर घालण्याचा प्रयत्न केला. १३ मार्च २००३ च्या निकालाने न्यायालयाने तो हक्क पुन्हा कायम केला. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथेवर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नमुना २६ या नावाने ते ओळखले जाते. त्यात प्रलंबित गुन्हे, दोषसिद्धी, स्वतःची, पती-पत्नीची व अवलंबितांची चल-अचल मालमत्ता, बँकांची आणि सरकारची देणी, मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न, शिक्षण आणि व्यवसाय हे सारे येते. खोटी माहिती दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. खोटा लेख तयार करणे, कूटलेखक्रिया, हा सत्याणुव्रताचा अतिचार म्हणून आपल्याकडे फार पूर्वी नोंदविला गेला आहे. कायद्याला तिथपर्यंत यायला पुष्कळ वेळ लागला.

हा कागद वाचण्याचीही रीत आहे. वर्तमानपत्रात मथळा येतो : 'पाच वर्षांत संपत्ती दुप्पट'. वाचणारा लगेच निष्कर्षावर येतो, आणि मावळात तर हमखास चुकतो. समजा, एखाद्या उमेदवाराच्या पहिल्या प्रतिज्ञापत्रात वडिलोपार्जित चार एकर जमीन दोन कोटींची दाखविली होती आणि दुसऱ्यात तीच जमीन चार कोटींची. क्षेत्र तेच, गट क्रमांक तोच. महामार्ग, कारखाने आणि मुंबई-पुण्याची जवळीक यांमुळे भाव वाढला असेल, तर त्यात उमेदवाराचे कर्तृत्व नाही आणि दोषही नाही. उलट, समजा दुसऱ्याने पाच वर्षांत एकूण ४० लाखांचे उत्पन्न दाखविले आहे आणि याच काळात दीड कोटीची नवी स्थावर मालमत्ता खरेदी केली आहे. इथे १ कोटी १० लाखांचे अंतर आहे, शिवाय घरखर्च निराळा. कर्ज काढले असेल तर ते देण्यांच्या रकान्यात दिसले पाहिजे. जुनी मालमत्ता विकली असेल तर ती मागील यादीतून नाहीशी झालेली असली पाहिजे. वारसा किंवा बक्षीसपत्र असेल तर तसा उल्लेख हवा. यांपैकी काहीच नसेल, तर वादाच्या मंचावर विचारण्याजोगा प्रश्न तयार झाला, आणि तो सभ्य शब्दांत विचारता येतो. प्रश्न म्हणजे आरोप नव्हे. उत्तर समाधानकारक असू शकते. ते ऐकण्याची तयारी ठेवली पाहिजे. हाच न्याय गुन्ह्यांच्या रकान्यालाही. आंदोलनात रस्ता अडविल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एकाच मापाने मोजणारा मतदार स्वतःच्याच निवाड्यावर अन्याय करतो. पवना बंद जलवाहिनीविरोधी आंदोलनाचा आणि ९ ऑगस्ट २०११ च्या गोळीबाराचा इतिहास असलेल्या तालुक्यात हा भेद सांगण्याची गरज पडू नये, तरी सांगावासा वाटतो.

आपल्याकडे उमेदवारांचे समोरासमोर वाद का होत नाहीत, हा प्रश्न दर निवडणुकीला निघतो. वाहिन्यांवर बहुधा पक्षप्रवक्ते येतात. त्यांना मतदारसंघ नसतो, म्हणून शब्दाची जबाबदारीही नसते. सार्वजनिक प्रसारणात व्यवस्था आहे, पण ती पक्षांसाठी. विधानसभा निवडणुकीत मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांना दूरदर्शन आणि आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्रांवर ४५ मिनिटांचा मूळ वेळ समान मिळतो. मागील कामगिरीनुसार त्यात भर पडते. भाषणाची संहिता आधी सादर करावी लागते. याखेरीज जास्तीत जास्त दोन चर्चा किंवा वाद प्रसार भारतीने घडवून आणावेत आणि त्यांचे समन्वयक निवडणूक आयोगाने मान्य केलेले असावेत, अशीही तरतूद या योजनेत आहे. ती फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. २०२४ च्या मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादाचे निमंत्रण दिले होते. राहुल गांधी यांनी तयारी दर्शविली, वाद मात्र झाला नाही. आपल्या संसदीय पद्धतीत अध्यक्षपदाची लढत नसते, त्यामुळे दोनच व्यक्तींचा वाद तिला कितपत शोभतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु तो दिल्लीच्या वादाला लागू पडतो. एका विधानसभा मतदारसंघातील तीन-चार प्रमुख उमेदवारांनी तालुक्याच्या ठिकाणी एका मंचावर दोन तास बसायला कोणत्याही पद्धतीची आडकाठी नाही. विधानसभेच्या उमेदवारासाठी ४० लाखांची खर्चमर्यादा असताना असा कार्यक्रम सर्वांना स्वस्तच पडेल.

आणि वाद म्हणजे काय, हे खेड्याला नव्याने शिकवावे लागत नाही. ग्रामसभा दुसरे काय आहे? सरपंच, ग्रामसेवक समोर बसलेले, विचारणारा त्यांच्या ओळखीचा, उत्तर देणाऱ्याचे घर विचारणाऱ्याला ठाऊक. तिथे पडद्याची चमक नाही, निवेदकाची घाई नाही, आणि मुख्य म्हणजे बोललेले इतिवृत्तात उतरते. पुढच्या सभेत आरंभी मागील इतिवृत्त वाचले जाते. "पाणीयोजनेचे काम दोन महिन्यांत सुरू होईल" असे लिहिलेले असेल आणि चार महिने झाले असतील, तर मागच्या रांगेतली एखादी मावशी उठून विचारते आणि सभेला उत्तर द्यावे लागते. हीच सोय आमदारकी-खासदारकीच्या वादाला जोडता आली, म्हणजे नव्या वादाचा आरंभ मागील निवडणुकीतील प्रत्येकाच्या विधानांच्या वाचनाने झाला, तर पहिल्या दहा मिनिटांतच बरीच हवा स्वच्छ होईल.

तोवर कागद तरी हाताशी आहेत. उमेदवारी अर्जांची मुदत चालू असतानाच प्रतिज्ञापत्रे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील फलकावर आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर लागतात. भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. मागच्या खेपेचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून दोन्ही वाचायला अर्धा तास पुरतो. वाहिनीवरच्या एका चर्चेत जाहिरातींना आणि एकमेकांच्या बोलण्यात बोलण्याला मिळून साधारण तेवढाच वेळ जातो.